परार्धाच्या पलीकडची वाट

२०२४चा दसरा १२ ऑक्टोबरला झाला. त्यानंतर दोन दिवसांनी मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथला बहिणीकडे होतो. कपाशीची पहिली वेचणी सुरू झाली होती, मोठी माणसं पहाटेच शेतात गेली होती आणि ओट्यावर माझा भाचा मोबाईल घेऊन बसला होता. फोन ६४ जीबीचा, गळ्यापर्यंत भरलेला. तो एकेक व्हिडिओ उघडायचा, चार सेकंद बघायचा आणि पुसून टाकायचा. ताईच्या हळदीचा गेला. पोळ्याच्या बैलांचा गेला. आजोबा ज्वारीवरची पाखरं हाकलतायत असा एक उघडला, जरा थांबला, तेवढा ठेवला.

"हे काय चालवलंस रे?"

"जागा करून राहिलो मामा. सोळा तारखेला गेम येऊन राहिला."

पाहुणा यायच्या आधी घर आवरतात हे ठाऊक होतं. न आलेल्या गेमसाठी बहिणीची हळद पुसणारा मी पहिल्यांदाच पाहिला.

गेमचं नाव 'इंडस'. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने बनवलेला. काळ दूर भविष्यातला, जागा विरलोक नावाचा ग्रह, आणि सगळी मारामारी कॉस्मियम नावाच्या दुर्मिळ द्रव्यासाठी. शस्त्रं आणि वास्तू मात्र अशा, की सिंधू संस्कृती बुडालीच नाही, ती थेट अवकाशात पोचली असं वाटावं. २०२२ मध्ये या गेमची घोषणा झाली, आणि तो यायच्या आधीच 'आला की मला कळवा' म्हणून नाव नोंदवणाऱ्यांचा आकडा १ कोटीच्या वर गेला. २०११च्या जनगणनेत आजच्या आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या ७,०८,९७२ आहे. म्हणजे पाळण्यातल्या बाळांपासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत अख्खा जिल्हा चौदा वेळा रांगेत उभा करा, तेव्हा कुठे जवळजवळ १ कोटी होतात. आणि ही रांग अशा वस्तूसाठी, जी अजून कोणी हातात घेतलेली नाही.

भाच्याला सांगितलं, "तुझ्यासारखे कोटभर बसलेत." तो म्हणाला, "एवढेच?"

त्या 'एवढेच'ने मला मोठ्या आकड्यांच्या मागे लावलं.

भास्कराचार्य जिथे थांबले

एकं, दहं, शतं करत आपण बहुतेक जण कोटीपाशी दमतो. भास्कराचार्य दमले नाहीत. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्यातल्या लीलावतीत स्थानांची नावं येतात, आणि ती कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य अशी चढत परार्धावर थांबतात. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळ पाटण्याला मठ उभारला. तिथला १२०७ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. परार्ध हा आकडा त्या काळी कशासाठी लागत असेल? ग्रहगणिताच्या युगांनासुद्धा तो सैल व्हावा इतका मोठा आहे.

आता एक व्हिडिओ गेम घ्या. 'नो मॅन्स स्काय'. इंग्लंडमधल्या गिल्डफर्ड गावच्या हॅलो गेम्स या छोट्या कंपनीने तो २०१३च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा दाखवला. अवकाशयान घ्या, कुठल्याही ताऱ्याकडे वळवा, तिथल्या ग्रहावर उतरा, प्राणी बघा, पुढे जा. खेळ म्हणून एवढंच. पण त्यात ग्रह किती?

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६.

वीस अंक. भास्कराचार्यांच्या भाषेत १८४ परार्ध आणि वर थोडे. त्यांची यादी जिथे संपते, त्याच्या १८४ पट.

हा आकडा ओळखीचा वाटला असेल तर बरोबर आहे. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत ६४ घरं भरायची. सगळे दाणे मोजले तर वरच्या आकड्यातून फक्त एक कमी येतो. हा नुसता योगायोग नाही. गेममधल्या प्रत्येक ग्रहाला ६४ बिटांचा क्रमांक आहे, आणि प्रत्येक बिट म्हणजे पटावरचं एक घर, एकेक दुप्पट.

गोष्टीत तांदूळ किंवा गहू असतो. आपण आपल्याकडची ज्वारी घेऊ. हजार दाण्यांचं वजन साधारण ३० ग्रॅम भरतं, म्हणजे किलोत ३३ हजारांवर दाणे. पट अर्धा भरला, बत्तीस घरं झाली, की १२९ टन ज्वारी होते. दहा टनी तेरा ट्रक. जैनथजवळच्या भोरजच्या नाक्यावर चहा घेत उभं राहिलं तर अर्ध्या तासात एवढे ट्रक नागपूरच्या दिशेने जाताना मोजता येतात. इथपर्यंत दाणे देणारा गोष्टीतला राजाही हसत असेल. पण उरलेली बत्तीस घरं भरली की हिशेब साडेपाच लाख कोटी क्विंटलवर जातो. जगात दर वर्षी पिकणारं सगळं धान्य, गहू-तांदूळ-मका-ज्वारी एकत्र धरून, जवळपास दोनशे वर्षं त्या पटावर ओतत राहावं लागेल. तेरा ट्रक आणि दोनशे वर्षं यांच्यात फक्त अर्धा पट आहे.

एका ग्रहावर एकच सेकंद थांबायचं ठरवलं, जेवण नाही, झोप नाही, तर सगळे ग्रह बघायला सुमारे ५८५ अब्ज वर्षं लागतील. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. म्हणजे विश्वाच्या वयाच्या ४२ पट. विज्ञानकथा वाचणारे इथे हसतील, कारण डग्लस अ‍ॅडम्सच्या कादंबरीत विश्वाच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर ४२ हेच आहे.

काम वाटून घेऊ. पृथ्वीवर ८२० कोटी माणसं आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला २२५ कोटी ग्रह येतात. सेकंदाला एक या वेगाने एका माणसाचा वाटा ७१ वर्षांत उरकतो. ७१ वर्षं म्हणजे साधारण एक आयुष्य. अख्ख्या मानवजातीने जन्मल्यापासून मरेपर्यंत दुसरं काही केलं नाही, तर एका पिढीत तो गेम एकदा नजरेखालून जाईल. एकदा, आणि तोही सेकंदभर.

आणि हे सगळं केवढ्याशा जागेत? आला तेव्हा तो गेम सुमारे ६ जीबीचा होता. रोज दीड जीबीचं रिचार्ज असेल तर चार दिवसांचा डेटा. ग्रह कुठे साठवलेलेच नाहीत. साठवलेला आहे तो नियम. तुम्ही एखाद्या ग्रहाजवळ गेलात की त्याचा क्रमांक त्या नियमात घालून डोंगर, समुद्र, गवत, प्राणी तिथल्या तिथे काढले जातात. तुम्ही निघून गेलात की पुसले जातात. परत आलात तर तोच क्रमांक, तोच नियम, तेच डोंगर. पाढ्यांचं पुस्तक जवळ न बाळगता गुणाकार पाठ असावा, तसं. १८४ परार्ध जगं या रीतीने जवळजवळ फुकट पडतात.

महाग होती ती लोकांची वाट.

दोघे भेटले, पण दिसले नाहीत

पहिला ट्रेलर दाखवला तेव्हा हा गेम बनवणारी माणसं होती चार. त्याच महिन्यात, २४ डिसेंबरला, त्यांच्या कचेरीत पुराचं पाणी शिरलं. पुढची अडीच वर्षं हे मूठभर लोक काम करत राहिले आणि बाहेर लाखो लोक स्वप्नं रंगवत राहिले. गेम २१ जून २०१६ला यायचा होता. तारीख पुढे गेली, ९ ऑगस्ट झाली. दीड महिन्याची गोष्ट. तेवढ्यावरून कंपनीचे प्रमुख शॉन मरे यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तारीख पुढे गेल्याची बातमी देणाऱ्या पत्रकारालाही आल्या. जो खेळ कोणी खेळला नव्हता, त्याच्यासाठी.

गेम आला. पहिल्याच रात्री खेळाडूंनी १ कोटीहून अधिक प्राणी-वनस्पतींच्या जाती शोधून नोंदवल्या. आपल्या पृथ्वीवर जाती किती, याचा शास्त्रज्ञांचा एक गाजलेला अंदाज ८७ लाखांचा आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर एका वेळी खेळणाऱ्यांचा आकडा २ लाख १२ हजारांच्या वर गेला.

मग एक प्रसंग घडला, जो मला या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा वाटतो. एवढ्या अफाट पसाऱ्यात दोन खेळाडू एकमेकांना गाठतील ही शक्यता जवळजवळ शून्य, असं मानलं जात होतं. पहिल्याच दिवशी दोघांनी गाठलं. एकाने शोधलेला ग्रह दुसऱ्याला सापडला. दोघे ठरवून त्याच ग्रहावर, त्याच जागी येऊन उभे राहिले. आणि एकमेकांना दिसले नाहीत. ग्रह तोच, जागा तीच, समोर कोणी नाही. गेममध्ये माणसाला माणूस दिसण्याची सोयच तेव्हा नव्हती.

लोक चिडले. दोन महिन्यांत स्टीमवर एका वेळी खेळणारे दोन-तीन हजारांवर आले. कंपनीने तोंड बंद केलं आणि मान खाली घालून काम चालू ठेवलं. एकामागून एक मोठे अपडेट दिले, सगळे मोफत. २०१८च्या जुलैत आलेल्या 'नेक्स्ट' अपडेटमध्ये खेळाडू शेवटी एकमेकांना नीट दिसू लागले, बरोबर खेळू लागले. २०२४ मध्ये स्टीमवरच्या एकूण मतांचा कौल 'फार चांगला' या पायरीवर चढला. १८४ परार्ध ग्रह पहिल्या दिवशी देता आले. शेजारी उभा असलेला माणूस नीट दिसायला दोन वर्षं लागली.

४,५४८ दिवस

'नो मॅन्स स्काय'चे चाहते अडीच वर्षं थांबले म्हणून आपण हळहळतो. 'हाफ-लाइफ'वाले हे ऐकून गालात हसतील.

'हाफ-लाइफ' ही वॉल्व्ह कंपनीची विज्ञानकथा मालिका. एका प्रयोगशाळेत प्रयोग चुकतो, दुसऱ्या मितीतले जीव पृथ्वीवर येतात, आणि गॉर्डन फ्रीमन नावाचा भौतिकशास्त्रज्ञ हातात पहार घेऊन सगळ्यांना पुरून उरतो. पहिला भाग १९९८चा, दुसरा २००४चा. मग छोट्या भागांची साखळी निघाली. त्यातला 'एपिसोड टू' १० ऑक्टोबर २००७ला आला आणि एका मृत्यूवर, अगदी ऐन वळणावर थांबला. तिसरा एपिसोड जाहीर झालेला होता. तो आलाच नाही.

२०११च्या ऑगस्टमध्ये दोन चाहते कंपनीच्या बेलव्ह्यूमधल्या कचेरीसमोर फलक धरून उभे राहिले. मोर्चात माणसं दोन. कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल स्वतः बाहेर येऊन त्यांच्याशी बोलले. तारीख मात्र दिली नाही. २०१२च्या फेब्रुवारीत चाहत्यांनी दुसरी शक्कल लढवली. एक दिवस ठरवायचा आणि सगळ्यांनी एकाच वेळी जुना 'हाफ-लाइफ २' खेळायचा, म्हणजे कंपनीला आकड्यात आपण दिसू. १३ हजारांहून अधिक लोक त्या वेळी एकदम खेळत होते. कंपनी गप्प. मालिकेचे लेखक मार्क लेडलॉ यांनी कंपनी सोडल्यावर, २०१७ मध्ये, पात्रांची नावं बदलून कथेचा एक शेवट जाहीर केला. चाहत्यांनी ती नावं पुन्हा बदलून वाचली.

पुढचा भाग, 'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स', २३ मार्च २०२०ला आला. मधले दिवस मोजले: ४,५४८. २००७च्या ऑक्टोबरात पाळण्यात असलेलं पोर तोवर बारा वर्षं उलटून तेराव्यात पोचलं. आणि तोही गेम डोक्यावर चढवायच्या उपकरणावर खेळायचा होता, 'तिसरा' म्हणून त्याला कोणी मोजलं नाही. त्यानंतर पाच वर्षं गेली तरी तिसऱ्याची घोषणा नव्हती. तरी २०२४च्या नोव्हेंबरात, 'हाफ-लाइफ २'ला वीस वर्षं झाली म्हणून तो काही दिवस फुकट वाटला, तेव्हा एका वेळी ६४ हजारांहून जास्त लोक तो खेळत होते. वीस वर्षं जुना गेम, त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आकडा. घराची किल्ली कोणी परत देत नाही म्हणून लोक अंगणातच जमले होते.

बाकीच्यांचा हिशेब भरभर सांगतो. निन्टेन्डोचा 'मेट्रॉइड प्राइम ४' २०१७च्या जूनमध्ये जाहीर झाला. २०१९च्या जानेवारीत कंपनीनेच सांगितलं की काम मनासारखं झालं नाही, पहिल्यापासून सुरू करतो. तो ४ डिसेंबर २०२५ला आला. घोषणेपासून ३,०९६ दिवस. 'मास इफेक्ट' मालिकेच्या नव्या भागाचं काम सुरू झाल्याचं ७ नोव्हेंबर २०२०ला कळलं. त्याला पाच वर्षं, म्हणजे १,८२६ दिवस झाले तेव्हा चाहत्यांच्या हातात छोटे ट्रेलर आणि चित्रंच होती. पोलंडचा 'सायबरपंक २०७७' २०१२ मध्ये जाहीर झाला, आणि २०२०च्या डिसेंबरात येईपर्यंत ८० लाख लोकांनी आगाऊ पैसे भरून ठेवले होते. पहिल्या दिवशी स्टीमवर एका वेळी साडेदहा लाख खेळाडू होते. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला, कारण जुन्या यंत्रांवर तो धड चालत नव्हता. पुढे तोही दुरुस्त झाला, पण आगाऊ पैसे देणाऱ्या ८० लाखांनी वाट पाहिली होती ती दुरुस्त न झालेल्या गेमची.

अकरा चांद्रयानं

वाट पाहण्यालाही भाव असतो, आणि तो किती चढू शकतो हे बघायचं तर 'स्टार सिटिझन' बघावा. २०१२ मध्ये क्रिस रॉबर्ट्स यांनी अवकाशातल्या या भव्य खेळासाठी चाहत्यांकडे वर्गणी मागितली. गेम २०१४ मध्ये देऊ म्हणाले होते. चाहते देत राहिले. २०२२ मध्ये जमा रक्कम ५० कोटी डॉलरवर गेली, २०२५ मध्ये ८० कोटी डॉलरच्या पलीकडे. खेळता येतो तो कच्चा, चालू बांधकामातला अवतार.

८० कोटी डॉलर म्हणजे ८५च्या भावाने ६,८०० कोटी रुपये. चांद्रयान-३चा खर्च ६१५ कोटी सांगितला जातो. म्हणजे पूर्ण न झालेल्या एका खेळातल्या खोट्या अवकाशयानांसाठी लोकांनी जे दिलं, त्यात खरी अकरा यानं चंद्रावर उतरवता आली असती.

त्या खेळात यानं विकत मिळतात. २०१८ मध्ये त्यांनी जवळजवळ सगळ्या यानांचा एक संच विकायला काढला. किंमत २७ हजार डॉलर, तेव्हाच्या भावाने १८ लाख रुपयांच्या आसपास. जैनथच्या भाषेत सांगायचं तर २०२५-२६च्या लांब धाग्याच्या हमीभावाने, ८,११० रुपयांनी, सव्वादोनशे क्विंटल कापूस. एकरी आठ-दहा क्विंटल धरले तर पंचवीस एकरांचा वर्षभराचा घाम, पडद्यावरच्या यानांसाठी.

पैशाचं सोडा, वेळ बघा. इंडससाठी नाव नोंदवलेल्या १ कोटी पोरांनी रोज फक्त एक मिनिट 'कधी येईल' असा विचार केला, तर रोज १ कोटी मिनिटं होतात. १ कोटी मिनिटं म्हणजे एकोणीस वर्षं. रोज एकोणीस वर्षं. २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया'ची पूर्वनोंदणी उघडली तेव्हा पहिल्याच दिवशी ७६ लाख नावं आली, दर सेकंदाला ८८. दोन आठवड्यांत २ कोटी झाली. तो काही विज्ञानकथेचा खेळ नव्हता, पण रांग अशीच. ही मिनिटं कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदात लिहिलेली नसतात. आगाऊ पैसे दिसतात, आगाऊ आयुष्य दिसत नाही.

जैनथची सकाळ

१५ तारखेला पहाटे भाच्याला उठवून लक्ष्मीनारायणाच्या देवळात नेलं. काळ्या दगडाचं देऊळ, दारावर आणि खांबांवर बारीक नक्षी. इथे जगद्देव परमाराच्या काळातला एक शिलालेख आहे. त्याच्या मंत्र्याची, लोलार्काची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचं, म्हणजे सूर्याचं देऊळ बांधलं, असं तो सांगतो. याच जगद्देवाचा शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात डोंगरगावला शके १०३४चा, म्हणजे १११२ सालचा लेख आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी भास्कराचार्य जन्मले. परार्धापर्यंतची नावं लिहिणारा माणूस आणि या शिलालेखाचा राजा असे एकाच पिढीच्या आगेमागेचे.

वर्षातल्या काही ठराविक सकाळी, विशेषतः दसऱ्यानंतरच्या दिवसांत, उगवतीचं ऊन या देवळात सरळ आत शिरतं आणि मूर्तीच्या पायांवर पडतं. लोक त्यासाठी येतात आणि गप्प उभे राहतात. आम्हीही राहिलो. उंबऱ्यावरून ऊन आत सरकलं, फरशीवर लांबट पट्टा झाला, पट्टा पुढे पुढे गेला. भाच्याने सवयीने फोन काढला, मग स्टोरेज आठवलं असावं, परत खिशात ठेवला.

येताना त्याला सांगितलं, ते ऊन १५ कोटी किलोमीटर चालून आलं होतं, सूर्यावरून निघाल्याला ८ मिनिटं २० सेकंद झाली होती. पण तो शेवटचा छोटा टप्पा. सूर्याच्या गाभ्यात तयार झालेली ऊर्जा धक्के खात खात पृष्ठभागावर यायला हजारो वर्षं घेते. पद्मावतीने देऊळ बांधलं तेव्हा गाभ्यातून निघालेली ऊर्जा अजून सूर्याच्या आतच कुठेतरी वाट काढत असेल. त्या देवळाने आजवर ३ लाखांहून जास्त सकाळी पाहिल्या. 'हाफ-लाइफ'च्या ४,५४८ दिवसांचा त्यात पासंगही नाही.

"पण इथं तारीख ठरलेली असते मामा," भाचा म्हणाला. "पुढं नाही ढकलत."

मुद्दा बिनतोड होता. वाट पाहणं जड होतं ते तारीख हलते तेव्हा. कपाशी लावणाऱ्याला सहा महिने ठाऊक असतात, तो तेवढे काढतो. इथल्या लोकांना तारीख नसलेली वाटही ठाऊक आहे. 'नो मॅन्स स्काय' बाजारात आल्यावर दोनच आठवड्यांनी, २३ ऑगस्ट २०१६ला, महाराष्ट्र आणि तेलंगणाने जो करार केला त्यात जैनथशेजारचा पेनगंगेवरचा चनाखा-कोरटा बंधाराही होता. सुमारे पन्नास हजार एकर भिजवायची ती योजना. त्या पाण्यासाठी कोणी ट्रेलर काढला नाही, पूर्वनोंदणी घेतली नाही. पारावर बसून मोजलेले दिवस कुठल्या आलेखात चढत नाहीत.

१६ ऑक्टोबरला कोजागिरी होती. दूध आटत होतं, चंद्र वर आला होता, आणि इंडस त्याच दिवशी आला. भाच्याने रिकाम्या केलेल्या जागेत तो उतरवून घेतला. चार दिवस मन लावून खेळला. पाचवा दिवस सुट्टीचा म्हणून आईबरोबर वेचणीला गेला, संध्याकाळी कापसाने पांढरे झालेले हात धुऊन आला आणि म्हणाला, "मामा, नवा सीझन कधी येऊन राहिला, बघा ना."

मी रागावलो नाही. वाट पाहण्यात मजा आहे, हे मी नाकारत नाही. आमच्या पिढीने दिवाळी अंकांची पाहिली, ही पोरं गेमची पाहतात. सांगायचं एवढंच, की गेमच्या कंपन्या जे विकतात ते त्यांना फारसं महाग पडत नाही. एक नियम लिहिला की १८४ परार्ध जगं निघतात, वीस अंकी. तेव्हा नाव खुशाल नोंदवा, पैसे मात्र वस्तू हातात आल्यावर, चार जणांनी खेळून बरी म्हटल्यावर द्या. आणि जागा करायचीच असेल तर हळदीचा व्हिडिओ आधी दुसरीकडे उतरवून ठेवा.

कारण आयुष्य देणाऱ्याच्या बाजूचा आकडा लहान आहे. ७१ वर्षांचं आयुष्य सेकंदांत मोजलं तर जवळजवळ २२५ कोटी भरतं. दहा अंकी. भास्कराचार्यांच्या यादीत ते अब्जाच्या घरातच संपतं, परार्ध तिथून आणखी आठ घरं पुढे आहे.